मतदारयादीबाहेर कोण राहिलं?

मध्य प्रांताच्या कायदेमंडळाने १९२७ साली स्त्रियांना मताचा हक्क दिला. नागपूर ही त्या प्रांताची राजधानी. पण आजच्या गांधीबाग, महाल, इतवारी या भागातल्या किती बायकांच्या हाती तो हक्क खरोखर आला असेल? मतासाठी घर, जमीन, कर किंवा भाडं अशी मिळकतीची अट होती आणि ती पुरुषांना होती तशीच स्त्रियांनाही होती. वरून पाहिलं तर समानता. प्रत्यक्षात पेढीचा कागद सासऱ्याच्या नावावर आणि घराची करपावती नवऱ्याच्या नावावर असायची. हातमागासाठी दिवसभर कांड्या भरणारी किंवा एम्प्रेस मिलमध्ये राबणारी बाई कमवत होती, पण तिच्या नावावर मिळकत नव्हती. म्हणून मतही नव्हतं.

आपल्याकडे स्त्रियांच्या मताधिकाराची गोष्ट अशी पायरीपायरीने घडली आहे. प्रत्येक पायरीवर कोण आत आलं हे आपण सांगतो. कोण बाहेर राहिलं, तेही तितक्याच आवर्जून सांगायला हवं.

डिसेंबर १९१७ मध्ये सरोजिनी नायडू आणि मार्गारेट कझिन्स यांच्यासह स्त्रियांचं शिष्टमंडळ भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटलं. राजकीय सुधारणांत स्त्रियांनाही स्थान हवं, ही त्यांची मागणी. मताधिकार कोणाला असावा याची शिफारस करणाऱ्या साउथबरो समितीने ती फेटाळली. १९१९ साली मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन या दोघी बाजू मांडायला थेट लंडनला गेल्या. या सगळ्या खटपटीची हकिगत हेराबाईंनी पुढे एका छोट्या पुस्तिकेत लिहून ठेवली. १९१९ च्याच कायद्याने मताचा हा प्रश्न प्रांतांवर सोपवला. मग प्रांताप्रांतात वेगळी लढाई सुरू झाली. मुंबई इलाख्यात तिच्या अग्रभागी रमाबाई रानडे होत्या. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ लिहिणाऱ्या रमाबाई आपल्याला माहीत आहेत, पण मतासाठी झटणाऱ्या रमाबाईंची आठवण क्वचितच काढली जाते. मद्रास आणि मुंबईने १९२१ मध्ये हक्क दिला. आपल्या प्रांताला त्यानंतर सहा वर्षं लागली.

नागपूरच्या या गोष्टीतलं ठळक नाव अनसूयाबाई काळे यांचं. जन्म १८९६ चा, बेळगावच्या भाटे घराण्यातला. शिक्षण पुण्यात हुजूरपागेत, मग फर्ग्युसन आणि बडोदा कॉलेजात. १९२८ साली त्या मध्य प्रांताच्या कायदेमंडळात नियुक्त सदस्य झाल्या. दोन वर्षांत कायदेभंगाची चळवळ उभी राहिली आणि मोठ्या कष्टाने उघडलेल्या दारातून मिळालेली ती जागा त्यांनी सोडून दिली. १९३७ मध्ये त्या निवडून येऊन परत आल्या आणि विधानसभेच्या उपसभापती झाल्या. १९४२ च्या ‘भारत छोडो’ चळवळीतल्या चिमूर-आष्टी प्रकरणात फाशीची शिक्षा झालेल्यांचे प्राण वाचावेत म्हणून त्यांनी जिवाचं रान केलं. पुढे अखिल भारतीय महिला परिषदेचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं.

अनसूयाबाई ज्या १९३७ च्या निवडणुकीत उभ्या होत्या, तिच्यामागे १९३५ चा कायदा होता. त्याने यादी थोडी रुंदावली. ठरावीक मिळकत असलेल्या मतदाराची पत्नी, विधवा किंवा लिहितावाचता येणारी स्त्री आता मत देऊ शकत होती. तरीही देशभरात सुमारे २ कोटी ९० लाख पुरुष मतदारांसमोर स्त्रिया होत्या साधारण ६० लाख. बाईचं मत अजून नवऱ्याच्या मिळकतीवर किंवा शाळेच्या पायरीवर अडलेलं होतं. शाळेची ती पायरी तरी सगळ्यांना चढता येत होती का?

याचं उत्तर जाईबाई चौधरींच्या आयुष्यात आहे. उमरेडजवळच्या महार कुटुंबात त्यांचा जन्म झाला. दुष्काळाने घर नागपूरला आलं. जाईबाईंनी कामठी स्टेशनवर हमाली केली. एका मिशनरी बाईंच्या मदतीने त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. त्यांची जात कळल्यावर पालकांनी मुलं काढून घेतली आणि त्यांची नोकरी गेली. १९२२ मध्ये त्यांनी नागपुरात मुलींसाठी संत चोखामेळा शाळा सुरू केली. अडवणूक शाळेपुरती नव्हती. डिसेंबर १९३७ मध्ये याच शहरात अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन भरलं, तेव्हा जेवणाच्या वेळी दलित स्त्रियांना वेगळं बसवण्यात आलं. समान हक्क मागणाऱ्या व्यासपीठावरच हे घडलं. १ जानेवारी १९३८ ला दलित स्त्रियांनी सभा घेऊन निषेध केला. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली. डॉ. आंबेडकर तिथे बोलले. घटस्फोटाचा हक्क, कामगार स्त्रियांची स्थिती, कायदेमंडळातलं प्रतिनिधित्व यांवर ठराव झाले. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ लिहिलं नसतं, तर यातलं कितीतरी विस्मृतीत गेलं असतं.

संविधानाने मतासाठीच्या मिळकत आणि शिक्षण या अटी एका फटक्यात काढल्या. अनसूयाबाई १९५२ आणि १९५७ अशा दोन्ही वेळा नागपूरमधून लोकसभेत गेल्या. १९५८ साली त्यांचं निधन झालं. मात्र संविधानानंतरच्या पहिल्याच निवडणुकीची यादी करताना आणखी एक अडसर समोर आला होता. देशातल्या सुमारे २८ लाख स्त्रियांनी स्वतःचं नाव न सांगता ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढीच ओळख दिली. स्वतःचं नाव हवंच, यावर मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन ठाम राहिले आणि त्या नोंदी वगळल्या गेल्या. कायद्याने दार उघडलं होतं, चालीरीतीने अडवलं.

आज नागपूर महापालिकेत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा राखण्याची घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली, पण तिची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेशी बांधलेली आहे. म्हणजे आणखी एक पायरी आणि आणखी एक वाट पाहणं. या जागांवर कोण बसणार? मोठ्या घरातल्याच बायका, की कांड्या भरणाऱ्यांच्या लेकीही? नागपूरच्या शाळांत अनसूयाबाई आणि जाईबाई या दोघींचे धडे शेजारी शेजारी शिकवले पाहिजेत. एकीने सभागृहात जागा मिळवली आणि दुसरीने त्या जागेपर्यंत जाणाऱ्या वाटेवर कोणाला अडवलं जातं ते दाखवलं. हक्क पूर्ण व्हायला दोघींचंही काम लागतं.