चार दिवस गोळी बंद

कार्डिओलॉजीच्या ओपीडीत ती डॉक्टरांसमोर बसली आहे. वय चोविसाच्या आसपास, गरोदरपणाचा सातवा आठवडा. पंखा क्षणभर बंद होतो आणि तिच्या छातीतल्या धातूच्या झडपेची टिकटिक मला कोपऱ्यातल्या स्टुलावर स्पष्ट ऐकू येते.

"आयएनआर १.४. अडीच ते साडेतीन हवा. गोळी कधीपासून बंद?"

आयएनआर म्हणजे रक्त किती उशिरा गोठतं त्याचा आकडा. ती सासूकडे बघते. सासूबाई सांगतात, "शनिवारपासून, मॅडम. चार दिवस झाले. शेजारणीनं सांगितलं, रक्त पातळ करायची गोळी पोटातल्या लेकराला बाधते. म्हणून मीच ठेवून दिली."

शेजारीण खोटं बोललेली नाही. ती गोळी म्हणजे वॉर्फरिन, ते वारेतून बाळापर्यंत पोचतं; सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळाच्या नाकाची, हाडांची घडण त्यामुळे बिघडू शकते. पण गरोदरपणात रक्त मुळातच लवकर गोठतं, आणि हिची झडप माइट्रल जागेची. तिथे गुठळी अडकली तर काही तासांत धाप लागते, गुठळी सुटली तर थेट मेंदूत.

मॅडम स्टेथोस्कोप लावतात, बराच वेळ हलवत नाहीत. "टिकटिक नीट आहे. धाप नाही ना? आत्ताच्या आत्ता इको."

तासाभराने दोघी परततात. झडप मोकळी उघडतेय, गुठळी नाही. सासूबाई भिंतीला टेकून खाली बसतात.

आता खरं बोलणं सुरू होतं. मॅडम घाई करत नाहीत. "तुझा डोस तीन मिलिग्रॅम. पाचच्या आत असला की बाळाला व्यंगाचा धोका बराच कमी, पण शून्य नाही. दुसरी वाट, बाराव्या आठवड्यापर्यंत पोटावर हेपॅरिनचं इंजेक्शन, दिवसातून दोनदा. ते बाळाकडे जात नाही. पण सुई घेतल्यावर चार ते सहा तासांनी रक्त तपासून मात्रा ठरवायची, पुन्हा पुन्हा. न तपासता घेतलंस तर झडप जाईल."

"ती तपासणी आमच्याकडं होत नाही," ती म्हणते.

हे बोलणं दिवस जाण्याआधीच व्हायला हवं होतं, याचा मला संताप येतो. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेची स्वस्त देशी झडप १९९० पासून बसवली जातेय. संधिवाताच्या तापाने हृदय बिघडलेल्या कितीतरी मुली तिच्यामुळे जगल्या. जगलेल्या मुलीचं लग्न होणार, तिला मूल हवंसं वाटणार, हे ऑपरेशनच्या वेळीच दिसत असतं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय नोंदीत धातूची झडप असलेल्या २१२ गरोदर बायकांपैकी ५८ टक्के जणीच मोठ्या संकटाशिवाय जिवंत बाळापर्यंत पोचल्या होत्या.

"मी गोळीच घेते," ती म्हणते. आवाज कापरा, पण सासूकडे न बघता.

"ठीक. आयएनआर वर येईपर्यंत सोबत इंजेक्शनही. छत्तिसाव्या आठवड्यात इथे भरती व्हायचं. तेव्हा गोळी मी बंद करीन आणि हेपॅरिन लावीन. गोळीने बाळाचंही रक्त पातळ होतं, तशात कळा सुरू झाल्या तर त्याच्या डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. मधे कुणीही सांगितलं तरी गोळी थांबवायची नाही. आधी मला फोन."

सासूबाई उठून टेबलापाशी येतात. "बाळंतपणानंतर अंगावर पाजू शकंल का?"

"शकेल की. ही गोळी चालू ठेवूनसुद्धा." मॅडम कार्डावर सोमवार लिहितात. "रक्त द्यायला सकाळी या. आणि उपाशी आणू नका तिला, जेवूनच या."