संस्थेचें सामाईक दप्तर : सर्व्हर कसा बसवावा व कुलूप कोणाच्या हातीं द्यावें

वसई-विरार भागांतील वाडीवाला आपल्या केळीच्या बागेस पाणी देण्याची पाळी सहसा चुकवीत नाहीं. परंतु आपल्या संस्थेच्या कचेरींत आपले कागद कोठें आहेत व ते कोणाच्या हातीं आहेत, ह्याची विचारपूस तो क्वचितच करतो. पूर्वीं हे कागद लोखंडी कपाटांत असत व किल्ली चिटणिसांच्या कमरेस असे. आज ते संगणकांत आहेत आणि किल्ली कोणाकडे आहे हें पुष्कळदां पंचांसही ठाऊक नसतें. सबब हा विषय वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आरंभींच आमच्या नोकरीच्या काळांतील एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. एका वर्षीं अवकाळी पावसानें पिकें गेलीं, पंचनामे झाले व नुकसानभरपाईची यादी तयार झाली. कचेरींत तीन संगणक होते व तिन्ही संगणकांत त्या यादीची एकेक प्रत होती. एका प्रतींत दुरुस्ती झाली, बाकीच्या दोहोंत झाली नाहीं, आणि वर गेली ती न दुरुस्त केलेली प्रत. सात खातेदारांच्या बँकखात्यांचे आंकडे चुकीचेच राहिले आणि त्यांची रक्कम कित्येक महिने अडकून पडली. ती प्रत पाठविणारा हात आमचाच होता. त्या सातांपैकीं एक म्हातारे गृहस्थ दर आठवड्यास येऊन कांहीं न बोलतां बांकावर बसत, तें अद्याप आमच्या डोळ्यांपुढून जात नाहीं. एकच यादी तीन जागीं नांदत होती, हें त्या अनर्थाचें मूळ होय.

सर्व्हर बसविणें म्हणजे हें मूळ उपटणें. सर्व्हर हा इतर संगणकांसारखाच एक संगणक. परंतु त्याचें काम रेकॉर्ड-खोलीचें आहे. अस्सल कागद त्याच्याजवळ राहतो, व कचेरींतील प्रत्येक कारकून आपल्या मेजावरूनच तो उघडतो. एकानें केलेली दुरुस्ती दुसऱ्यास तत्काळ दिसते.

प्रथम जोडणी. स्विच नांवाच्या पेटींतून एकेक तार निघून प्रत्येक संगणकास जाते. तांब्याच्या तारेची एक लांबी १०० मीटरांपलीकडे नेऊं नये. गोदाम त्याहून दूर असल्यास मध्यें दुसरा स्विच घालावा. ह्या जाळ्यांत प्रत्येक यंत्रास आंकड्यांचा एक पत्ता लागतो, जसा जमिनीच्या तुकड्यास सर्व्हे नंबर लागतो. १९२.१६८ ह्या आंकड्यांनीं सुरू होणारे पत्ते खासगी जाळ्यांसाठीं राखलेले आहेत. साधारण यंत्रांस राउटर आपोआप पत्ता वाटतो, व तो बदलूं शकतो. सर्व्हराचा पत्ता मात्र कायमचा असावा. नाहीं तर आज सांपडलेलें दप्तर उद्यां सांपडत नाहीं. उदाहरणार्थ, राउटर १९२.१६८.१.१०० पासून १९२.१६८.१.२०० पर्यंतचे पत्ते वाटीत असेल, तर सर्व्हरास १९२.१६८.१.१० व छपाईयंत्रास १९२.१६८.१.११ असे त्या वाटपाबाहेरचे पत्ते द्यावे. दोन यंत्रांस एकच पत्ता गेला, तर एकाच सर्व्हे नंबरावर दोन मालक चढल्यासारखा तंटा होतो व दोघांचेंही काम अडतें.

आतां कुलुपाचा प्रश्न, आणि खरी मेख येथेंच आहे. पुष्कळ ठिकाणीं बसविणारा माणूस एकच सामाईक फोल्डर करून 'सर्वांस सर्व अधिकार' अशी खूण करून जातो. काम त्या दिवशीं चालू होतें खरें. पण तें दप्तर चावडीच्या ओट्यावर उघडें टाकण्यासारखें आहे. आपल्या हक्कनोंदीची रीत पाहा. मुंबई इलाख्यांत १९०३ च्या कायद्यानें हक्कनोंद सुरू झाली, व पुढें १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५० नेंही तीच शिस्त राखिली : फेरफार लिहिणारा एक, नोटीस काढून हरकती ऐकावयाच्या, आणि नोंद प्रमाणित करणारा त्याहून वरचा दुसरा. पाहणें, लिहिणें व मंजूर करणें हीं तीन कामें निरनिराळीं आहेत, हें आपल्या बापजाद्यांस ठाऊक होतें.

तोच न्याय येथें लावावा. सभासद-नोंदवही, कर्जखातीं, खत-बियाण्यांचा साठा, सभांचीं इतिवृत्तें व पत्रव्यवहार ह्यांचे स्वतंत्र फोल्डर करावे. अधिकार व्यक्तीच्या नांवें न देतां गटाच्या नांवें द्यावे : कर्जखात्याचा गट, गोदामाचा गट, पाहणाऱ्यांचा गट. कारकून बदलला कीं त्याचें नांव गटांतून काढलें म्हणजे झालें. विंडोजच्या सर्व्हरांत दोन कुलपें असतात; एक जाळ्यांतून येणाऱ्या वाटेवर, दुसरें खुद्द फोल्डरावर. जाळ्यांतून येणाऱ्यास ह्या दोहोंपैकीं जें अधिक कडक तेंच लागू होतें. वाटेवर मोकळीक असूनही फोल्डरावर 'केवळ वाचन' असेल, तर त्यास केवळ वाचतांच येईल. प्रत्येकाचें नांव व पासवर्ड वेगळा असावा; कारण सर्वांनीं एकच पासवर्ड वापरला, तर आंकडा कोणीं फिरविला हें कधींच कळणार नाहीं.

सभासदांस काय दाखवावें, ह्याचें उत्तर कायद्यांत आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ प्रमाणें सभासदास उपविधि, शेवटचा तपासलेला ताळेबंद, सभासदांची नोंदवही, सभांचीं इतिवृत्तें आणि ज्यांत त्याचे स्वतःचे व्यवहार आहेत तेवढा दप्तराचा भाग विनामूल्य पाहण्याचा हक्क आहे. शेजाऱ्याचें कर्जखातें पाहण्याचा नाहीं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठीं २०२३ सालीं केंद्राचा कायदाही झाला आहे. म्हणून खिडकीशीं एक संगणक केवळ वाचनाच्या अधिकाराचा ठेवून, सर्वांस पाहण्याजोगे कागदच तेथें उघडतील अशी व्यवस्था करावी. स्वतःचें खातें मागणाऱ्यास कारकुनानें तें काढून दाखवावें.

बाहेरच्या चोराचें भयही लहान नाहीं. १२ मे २०१७ रोजीं 'वॉनाक्राय' नांवाची विषारी आज्ञावली जगभर पसरली व तिनें असंख्य संगणकांतील कागद कुलुपबंद करून खंडणी मागितली. ती फोल्डर-वाटपाच्या जुन्या पद्धतींतील भोंकांतूनच शिरली. तें भोंक बुजविणारी दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजींच निघालेली होती; ज्यांनीं ती बसविली नाहीं त्यांचें नुकसान झालें. सबब जुनी पद्धत बंद ठेवावी, दुरुस्त्या वेळेवर घ्याव्या, आणि फोल्डर-वाटपाची ४४५ क्रमांकाची वाट इंटरनेटकडे कदापि उघडी ठेवूं नये.

शेवटीं पाणी. जुलै २०१८ मधील वसई-विरारचा पूर वाचक विसरले नसतील. वस्त्यांत पाणी शिरलें, रेल्वे बंद पडली व मिठागरांतील कुटुंबें अडकून पडलीं. अशा मुलखांत सर्व्हर जमिनीवर ठेवणें म्हणजे पेंढा खाजणांत रचण्यासारखें आहे. तो उंच फळीवर ठेवावा. दप्तराच्या तीन प्रती असाव्या, व त्यांपैकीं एक कचेरीबाहेर, दुसऱ्या गांवीं असावी. प्रत घेतलेली डिस्क काम होतांच काढून ठेवावी, कारण जोडलेली राहिल्यास खंडणीखोर तिलाही कुलूप घालतो. आणि तीन महिन्यांतून एकदां त्या प्रतींतून एखादा कागद परत काढून पाहावा. न उघडून पाहिलेली प्रत ही न पेरून पाहिलेल्या बियाण्यासारखी होय.

कोणी म्हणेल, सरकार सर्व करीतच आहे. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळूं लागला. प्राथमिक कृषि पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठीं जून २०२२ मध्यें केंद्रानें २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. हें सर्व स्वागतार्ह आहे. तथापि संस्थेच्या चार भिंतींतील किल्ली सरकार सांभाळणार नाहीं.

म्हणून येत्या वार्षिक सभेंत प्रत्येक सभासदानें पंचांस तीन प्रश्न विचारावे : आमच्या दप्तरांत लिहिण्याचा अधिकार कोणाकोणास आहे? दुसरी प्रत कोणत्या गांवीं आहे? आणि ती शेवटची कधीं उघडून पाहिली? तिन्ही उत्तरें ताबडतोब मिळालीं, तर आपले कागद सुरक्षित हातीं आहेत असें समजावें. न मिळालीं, तर रागावूं नये. परंतु उत्तर मिळेपर्यंत बांकावरून उठूंही नये.