हिट पॉइंट आले आरमारातून

डेव्ह अर्नेसनच्या ‘ब्लॅकमूर’ या रोल-प्लेइंग खेळात सुरुवातीला एक घाव बसला की पात्र खलास. खेळाडू वैतागले. मग त्याने अमेरिकी यादवी युद्धातल्या चिलखती जहाजांच्या युद्धखेळातली पद्धत उचलली: प्रत्येक फटक्याने हिट पॉइंट, म्हणजे इजा सोसण्याचा आकडा, थोडा घटतो; शून्यावर जलसमाधी. हीच पद्धत १९७४च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये आली; तिथे नवखा जादूगार हिट पॉइंटसाठी सहा बाजूंचा एकच फासा टाकी. पडला १, तर हिट पॉइंटही १. शस्त्राची इजाही तशाच फाशाची, म्हणजे पहिल्याच फटक्यात गच्छंती. (जादूगाराने मागेच उभं राहावं, हे बरं!) क्रिस मॅकडॉवलच्या ‘इन्टू द ऑड’ या खेळाने तर नेम लागला का, हे ठरवणारा फासाच काढून टाकला. इजा थेट ‘हिट प्रोटेक्शन’मधून (हिट पॉइंटच्या जागी आलेला आकडा) वजा, ते संपलं की उरलेली ताकदीच्या आकड्यातून. सुटसुटीत नियम लिहायचे असतील, तर आधी हा खेळून बघा.