ओळखपत्राची प्रतिमा आणि पडताळणी: पासपोर्टचे उदाहरण

विमानतळावरील अधिकारी तुमचा पासपोर्ट यंत्रावर ठेवतो तेव्हा काही सेकंदांत तीन प्रश्न तपासले जातात. पुस्तिका खरी आहे का? तिच्यातील माहिती कोणी बदललेली नाही ना? आणि समोर उभी असलेली व्यक्ती तीच आहे का? एका प्रश्नाचे उत्तर मिळाले म्हणजे बाकीचे दोन सुटले असे होत नाही. हा या पाठाचा मुख्य मुद्दा आहे.

१. पुस्तिका खरी आहे का?

भारतीय पासपोर्ट नाशिक रोड येथील इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापले जातात. तपासणी यंत्र माहितीच्या पानाच्या तीन प्रतिमा घेते.

• पांढरा प्रकाश: मजकूर आणि फोटो दिसतो.
• अतिनील प्रकाश: नेहमीच्या छपाईच्या कागदात चकाकी आणणारी रसायने असतात, म्हणून तो निळसर उजळतो. सुरक्षा कागदात ती नसतात. तो काळपट राहतो आणि फक्त खास शाईची नक्षी व तंतू चमकतात.
• अवरक्त प्रकाश (सुमारे ९०० नॅनोमीटर): पार्श्वभूमीची नक्षी पुसट होते आणि तळाच्या दोन ओळी ठळक काळ्या राहतात. त्यामुळे यंत्राला अक्षरे ओळखणे सोपे जाते.

चांगली रंगीत झेरॉक्स पहिल्या प्रतिमेत फसवू शकते, पण उरलेल्या दोन प्रतिमांत ती सहसा उघडी पडते.

२. माहिती बदललेली नाही ना?

तळाच्या दोन ओळींत प्रत्येकी ४४ चिन्हे असतात. जन्मतारखेसारख्या महत्त्वाच्या माहितीनंतर एक तपासणी अंक येतो. तो काढण्यासाठी अंकांना क्रमाने ७, ३, १ या भारांनी गुणायचे, बेरीज करायची आणि १० ने भागून बाकी घ्यायची.

उदाहरण: जन्मतारीख १२ मार्च २००४, म्हणजे ०४०३१२.
(०×७) + (४×३) + (०×१) + (३×७) + (१×३) + (२×१) = ३८
तपासणी अंक = ८

आता कॅमेऱ्याने ३ च्या जागी ८ वाचला असे समजा. बेरीज ७३ होते, बाकी ३ उरते आणि चूक पकडली जाते. ७, ३ आणि १ यांचा १० शी सामाईक विभाजक नाही. म्हणून तारखेतील कोणताही एक अंक चुकला तरी बाकी बदलतेच.

मात्र हे सूत्र जाहीर आहे. बनावट पासपोर्ट करणाराही योग्य अंक काढू शकतो. म्हणजे तपासणी अंक वाचनातील चूक पकडतो, लबाडी नाही.

लबाडी पकडण्यासाठी डिजिटल स्वाक्षरी लागते. भारतात ई-पासपोर्टचा पथदर्शी टप्पा १ एप्रिल २०२४ पासून सुरू झाला. नागपूर आणि भुवनेश्वर ही त्यातील सुरुवातीची कार्यालये. पुढे जयपूर, गोवा आदी ठिकाणे जोडली गेली. या पुस्तिकेतील चिपमध्ये फोटो व माहिती असते आणि तिच्यावर सरकारच्या खासगी कीने स्वाक्षरी केलेली असते. फोटोचा एक बिट जरी बदलला तरी सार्वजनिक कीने केलेली पडताळणी फसते.

३. व्यक्ती तीच आहे का?

दुसऱ्याचा अस्सल पासपोर्ट हाती असेल तर वरच्या दोन्ही कसोट्या पार होतात. म्हणून चेहरा किंवा बोटांचे ठसे जुळवतात. येथे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे थेट मिळत नाही. साम्याचा गुणांक मिळतो आणि त्यासाठी उंबरठा ठरवावा लागतो. उंबरठा वर नेला की चुकीचा स्वीकार कमी होतो, पण चुकीचा नकार वाढतो. समजा, चुकीच्या नकाराचे प्रमाण २ टक्के आहे. मग १००० प्रामाणिक माणसांपैकी सुमारे २० जण अडतात.

शेतात किंवा बांधकामावर राबणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजतात, त्यामुळे असा नकार त्यांच्या वाट्याला जास्त येतो. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावातून आधारचे वाटप सुरू झाले. त्या योजनेत दहा बोटांसोबत दोन्ही बुबुळे आणि चेहराही नोंदवतात. एक खूण चालली नाही तर दुसरी वापरता येते. म्हणून लक्षात ठेवा: कमी गुणांक हा लबाडीचा पुरावा नाही. तेथे दुसरी खूण किंवा माणसाकडून तपासणी, ही सोय प्रणालीतच हवी. तुम्ही उद्या अशी प्रणाली बनवाल, तेव्हा कोणाचे रेशन वा प्रवास अडेल हे तुमच्या उंबरठ्यावर ठरेल.

सरावासाठी प्रश्न

१. ०५११२७ या जन्मतारखेचा तपासणी अंक काढा. (उत्तर: ६)
२. फोटो बदललेला, पण तपासणी अंक बरोबर असलेला ई-पासपोर्ट कोणत्या टप्प्यावर पकडला जाईल? कारण द्या.
३. विमानतळ आणि रेशन दुकान या दोन्ही ठिकाणी एकच उंबरठा ठेवावा का? चर्चा करा.