बिदरीचं काम बघायचंय? चला उदगीरच्या पुढं!

लातूर-नांदेडकरांनो, आपल्या शेजारच्या बिदरला आपण किल्ला बघून परत फिरतो. पण जुन्या शहरात जरा रेंगाळा. चौबारा या जुन्या बुरुजाच्या आसपास बिदरीच्या कारखान्यांत कारागीर कामाला बसलेले दिसतात. विचारलं तर हातातलं दाखवतात.

बिदरी म्हणजे जस्त आणि थोडं तांबं यांचं ओतीव भांडं. त्यावर मोरचूद चोळून तात्पुरता काळा रंग आणतात, म्हणजे छिन्नीनं कोरलेली नक्षी नीट दिसते. कोरलेल्या खाचेत चांदीची तार ठोकून बसवायची, मग घासायचं. शेवटी खरी गंमत : किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या उकळत्या पाण्यात बुडवलं की जस्त काळंकुट्ट, चांदी मात्र तशीच लख्ख! माती जिभेवर ठेवून पारखणारे उस्तादही आहेत.

२००६मध्ये बिदरीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं. २०२३मध्ये बिदरचे बिदरी कारागीर शाह रशीद अहमद कादरी पद्मश्री झाले. तेव्हा विकत घेताना घासाघीस जरा जपून करा.