साथीच्या काळातील लोकसहभागी स्वच्छता : ‘संसर्ग’ या शब्दाच्या अर्थाच्या अनुषंगाने

मराठीत ‘साथ’ हा एकच शब्द दोन प्रसंगी उपयोगी पडतो. गायकाला तबल्याची साथ असते, आणि गावात तापाची साथ येते. ‘संसर्ग’ या शब्दाची गोष्टही फारशी वेगळी नाही. ‘सम्’ या उपसर्गासह ‘सृज्’ धातूपासून साधलेल्या या शब्दाचा संस्कृतातील अर्थ एकत्र येणे, मिसळणे, सहवास असा आहे. मराठीत आज मात्र रोगाची लागण हाच अर्थ प्रथम मनात येतो. करोनासारख्या साथीत मेहरूण तलावाच्या काठचा किंवा पांझरेच्या पात्रातील कचरा वेचण्यास जाणाऱ्या स्वयंसेवकाने नेमके कशास भ्यावे, या प्रश्नाचे पुष्कळसे उत्तर या जुन्या अर्थात आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

साथीच्या आरंभी भय होते ते वस्तूचे. मार्च २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हा विषाणू प्लॅस्टिक व पोलाद यांवर ७२ तासांपर्यंत आणि पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत टिकल्याचे दिसून आले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जुलै २०२० मधील सुधारित सूचनांत वापरलेल्या मुखपट्ट्या व हातमोजे किमान ७२ तास कागदी पिशवीत ठेवावेत आणि मगच कचऱ्यात टाकावेत, मुखपट्ट्या त्यापूर्वी कापाव्यात, असे सांगितले. ही सावधगिरी त्या वेळी योग्यच होती. परंतु प्रयोगशाळेतील बंदिस्त हवेत विषाणूचा अंश शिल्लक राहणे आणि वैशाखाच्या उन्हात पडलेल्या कागदापासून माणसाला रोग होणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने दूषित पृष्ठभागाच्या एका स्पर्शाने लागण होण्याचा संभव सर्वसाधारणतः दहा हजारांत एकाहूनही कमी मानला. रोग मुख्यतः पसरत होता तो श्वासातून, जवळ उभ्या असलेल्या माणसाकडून, बंद जागेत तर अधिकच. म्हणजे ‘संसर्गा’ने, त्या शब्दाच्या मूळ अर्थाने.

यावरून निघणारा निष्कर्ष काहीसा विपरीत वाटेल. कचरा वेचण्याच्या दोन तासांत स्वयंसेवक बऱ्याच अंशी सुरक्षित असतो. त्याला धोका असतो तो त्या आधीच्या आणि नंतरच्या अर्ध्या तासात. दाटीवाटीने बसून टेंपोतून येणे, काम संपल्यावर मुखपट्टी हनुवटीखाली ओढून छायाचित्रासाठी खांद्याला खांदा लावणे, पाण्याचा एकच तांब्या फिरवणे, आणि मग चहा! हातमोजे चढवण्यात कसूर न करणारी मंडळी चहाच्या टपरीच्या आडोशाला अगदी निर्धास्तपणे गर्दी करतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. गाडगे महाराज (१८७६-१९५६) गावात येताच खराटा हाती घेत आणि रात्री कीर्तनास उभे राहत. साथीच्या काळात त्यांपैकी खराटा चालला असता, कीर्तन मात्र पुढे ढकलावे लागले असते. तेव्हा तुकड्या लहान असाव्यात, शक्यतो एका घरातील माणसे एका तुकडीत असावीत, प्रत्येकाने आपापल्या वाहनाने यावे, पाणी घरचे आणावे, आणि ज्याला ताप किंवा खोकला आहे त्याने भीड न बाळगता घरी राहावे.

मात्र कचरा निरुपद्रवी आहे असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. त्याचे धोके साथीपूर्वीही होते आणि ते साथीबरोबर सरत नाहीत. टाकलेली सुई, पाते, फुटकी काच यांचे भय विषाणूलागलेल्या कागदाहून कितीतरी मोठे आहे. हेपॅटायटिस-बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. म्हणून हातमोजे जाड हवेत, पायांत बंद बूट हवेत, आणि लांब दांड्याचा चिमटा हवा. भरलेली गोणी हाताने वा पायाने दाबू नये, पोटरीला घासत नेऊ नये. हेपॅटायटिस-बी आणि धनुर्वात यांच्या लसी आधीच घेतलेल्या असाव्यात. सुई टोचलीच तर जखम दाबू वा चोखू नये; वाहत्या पाण्याने व साबणाने धुऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण एचआयव्हीवरील प्रतिबंधक उपचार ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितके बरे, सुरू व्हावा लागतो. पिवळ्या पिशवीला तर स्वयंसेवकाने हातच लावू नये. ती रुग्णालयीन कचऱ्याची खूण असते. महापालिकेला कळवावे आणि बाजूला व्हावे.

खानदेशात आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो, तो उन्हाचा. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा ४४ अंशांपलीकडे जातो. घामाने भिजलेली मुखपट्टी नीट काम देत नाही व श्वासही कोंडते. दोन-तीन जवळ बाळगाव्यात, आणि सकाळी आठ-साडेआठपर्यंत काम आटोपावे.

आता भाषेच्या अभ्यासकाचा खरा विषय. साथीत ‘सामाजिक अंतर’ हा शब्द इंग्रजीवरून शब्दशः आला आणि घरोघरी पोहोचला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अधिकाऱ्यांनी २० मार्च २०२० रोजीच ‘शारीरिक अंतर’ या अर्थाची संज्ञा अधिक योग्य ठरवली होती. आपल्याकडे ती मागाहून आली आणि पहिलीला हटवू शकली नाही. ज्या समाजात काही जातींना दूर ठेवणे हा शतकानुशतके आचार होता, त्या समाजात ‘सामाजिक अंतर’ हे केवळ सहा फुटांचे माप राहत नाही. घंटागाडीवरच्या माणसाला पाणी न देणे, त्याच्या हाती पैसे न देता ओट्यावर ठेवणे, ही वागणूक या शब्दाच्या आडोशाला सहज उभी राहते. आपण त्याला ‘कचरेवाला’ म्हणतो. कचरा आपल्या घरचा, ‘वाला’ हा प्रत्यय मात्र तो नेणाऱ्याला! स्वयंसेवक महिन्यातून एक सकाळ जातो आणि त्याचे कौतुक होते. सफाई कामगार रोज जातो, तेही पुष्कळदा स्वयंसेवकाहून पातळ हातमोज्यांनिशी. मुखपट्टी दोघांनाही हवी आणि सहा फुटांचे अंतर दोघांशीही सारखेच. कचऱ्याच्या स्पर्शामुळे दुसऱ्याला अधिक दूर ठेवण्यास वैद्यकशास्त्राचा आधार नाही.

सूचनांच्या शब्दयोजनेकडेही पाहिले पाहिजे. ‘विलगीकरण’ आणि ‘अलगीकरण’ हे शब्द वृत्तपत्रांतूनही एकमेकांच्या जागी वापरले गेले. मग कोणत्या घरचा कचरा वेगळा ठेवायचा, हे सामान्य माणसास कसे उमगावे? ‘हस्तनिर्जंतुकीकरण करावे’ याऐवजी ‘साबणाने हात धुवा’ म्हटल्याने काही बिघडत नाही. आणि आपल्या भागात तर घरची बोली अनेकांची अहिराणी. जिथे ‘आहे’च्या जागी ‘शे’ येते आणि ‘मला’च्या जागी ‘माले’, तिथे प्रमाण मराठीतील फलक वाचला जातो, परंतु तो सरकारी वाटतो, आपल्याला उद्देशून आहे असे वाटत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरास जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी अशा सूचनांचा मसुदा छापण्यापूर्वी अहिराणी बोलणाऱ्या चार-सहा माणसांना, त्यांत एखादा सफाई कामगारही असावा, मोठ्याने वाचून दाखवावा, आणि ते कोणत्या शब्दापाशी थांबतात ते टिपून ठेवावे.