‘द सर्चर्स’ : बाटलेल्या मुलीचा शोध

कोमांची घोडेस्वार गोळी लागून नदीत कोसळला की आम्ही टाळ्या वाजवायचो. आज हे सांगताना संकोच होतो. पण ते लपवून या चित्रपटाविषयी लिहिण्यात अर्थ नाही. १९६०च्या दशकाच्या अखेरीस मी मुंबईत कॉलेजात होतो. सकाळच्या खेळाला जुने इंग्रजी चित्रपट कमी दरात दाखवीत. परळच्या चाळीतले आम्ही चौघे मित्र फोर्टमधल्या एका थिएटरात पुढच्या बाकांवर बसून ते पाहायचो. चौघेही वस्तीत वाढलेले, चौघांच्याही घरात बाबासाहेबांचा फोटो. संवाद निम्मेही कळत नसत. जॉन वेनची ती सावकाश, जरा कलती चाल मात्र पूर्ण कळायची. घरी येताना चौघेही तसेच चालायचो.

पुढे १९७२ साली ‘दलित पँथर’ उभी राहिली. ते नावच अमेरिकेतल्या ‘ब्लॅक पँथर’वरून घेतलेले, म्हणून तिकडच्या काळ्या माणसांनी काय लिहिले, काय बोलले ते मिळेल तेथून मिळवून आम्ही वाचू लागलो. त्यात जेम्स बाल्डविन यांचे १९६५ सालचे केंब्रिजमधले भाषण हाती आले. पडद्यावर गॅरी कूपर रेड इंडियनांना मारतो, काळे पोर कूपरच्या बाजूने आरोळ्या ठोकते, आणि एके दिवशी त्या पोराला कळते की मारले जाणारे ते इंडियन म्हणजे आपणच, अशा आशयाचे त्यांनी सांगितले होते. मला त्या थिएटरातला पुढचा बाक आठवला. दोन-तीन दिवस मी मित्रांपैकी कोणाशीही त्यावर बोललो नाही.

मग हा चित्रपट टाकून का दिला नाही? प्रश्न रास्त आहे. वेस्टर्न म्हणून जे ढिगाने निघाले त्यांतले बहुतेक मी विसरलो. ‘द सर्चर्स’ विसरता आला नाही, आणि तो केवळ मलाच विसरता आला नाही असेही नाही. १९५६ साली जॉन फोर्ड यांनी तो काढला तेव्हा त्याला ऑस्करचे एक नामांकनदेखील मिळाले नव्हते. २००८ साली अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने तो सर्वश्रेष्ठ वेस्टर्न ठरविला. मार्टिन स्कॉर्सेसींच्या ‘टॅक्सी ड्रायव्हर’वर त्याची छाया आहे, ‘स्टार वॉर्स’मध्ये जळालेल्या घराचे दृश्य त्यावरूनच आलेले आहे. निसर्ग भव्य आहे, छायाचित्रण विन्टन हॉक यांचे आहे, हे सगळे खरे. पण भव्य निसर्ग इतर शंभर चित्रपटांतही आहे.

माझ्या मते हा चित्रपट टिकला तो एका शब्दामुळे. तो शब्द त्यात कोणी उच्चारीत नाही, कारण इंग्रजीला तो नीट ठाऊक नाही. आपल्याला पक्का ठाऊक आहे. तो शब्द ‘बाटणे’.

कथा अशी. साल १८६८, टेक्सास. गुलामगिरी टिकविण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या फौजेतला ईथन एडवर्ड्स, यादवी संपून तीन वर्षे झाल्यावर, भावाच्या घरी परततो. भावजय मार्थावर त्याचे प्रेम आहे. कोणी तसे म्हणत नाही. ती त्याचा कोट हातावर घेऊन हलकेच कुरवाळते आणि तिथे उभा असलेला पाहुणा कॉफी पीत मुद्दाम समोर बघत राहतो, एवढ्यावर फोर्ड ते सांगून मोकळे होतात. मग कोमांची घर जाळतात, भाऊ, भावजय व पुतण्या मारले जातात, दोन पुतण्यांना पळवून नेतात. थोरलीचे प्रेत सापडते. धाकट्या डेबीच्या शोधात ईथन वर्षामागून वर्षे हिंडतो. बरोबर मार्टिन पॉली, त्या घराने वाढविलेला अनाथ मुलगा. त्याच्या अंगात एक अष्टमांश रक्त चेरोकी आहे, आणि पहिल्याच जेवणाच्या वेळी ईथन त्याला ते ऐकवतो. ताटावर बसलेल्या माणसाला त्याची जात ऐकवणे म्हणजे काय, हे वाचकांना मी समजावून सांगण्याची गरज नाही.

हळूहळू आपल्या ध्यानात येते की ईथन मुलीला सोडवायला निघालेला नाही. ती मोठी होईल, कोमांचीची बायको होईल, आणि मग ती जिवंत असण्यापेक्षा मेलेली बरी, म्हणून तो तिला ठार मारायला निघालेला आहे. मार्टिन त्याच्याबरोबर राहतो तो शोधाला मदत म्हणून कमी, आणि गोळी झाडायच्या वेळी मध्ये उभे राहता यावे म्हणून अधिक. तसा प्रसंग येतोही. त्यानंतर जखमी ईथन मृत्युपत्र करतो, सगळे मार्टिनच्या नावे. आपल्याला रक्ताचे कोणी उरले नाही, असे कारण देतो. मार्टिन म्हणतो, डेबी आहे ना. ईथनच्या लेखी ती आता रक्ताची राहिलेली नाही.

आमच्या गावी एका वरच्या आळीतल्या मुलीने आमच्या वस्तीतल्या मुलाशी लग्न केले तेव्हा बापाने जिवंत लेकीच्या नावाने आंघोळ केली होती. मी तेव्हा दहा वर्षांचा असेन. ओल्या पंचानं तो घराकडे जाताना मी पाहिला होता. हे मृत्युपत्राचे दृश्य दुसऱ्यांदा पाहिले तेव्हा मला तो पंचा दिसला. आणि हा ईथन एकटा माथेफिरू आहे म्हणावे तर तसेही नाही. मार्टिनवर प्रेम करणारी लॉरी, लग्नाचा पांढरा पोशाख घातलेली गोड मुलगी, तीही शांतपणे म्हणते की डेबीच्या आईलाही हेच हवे असते. समाजाचे मत ईथनच्या बाजूचे आहे, फक्त हात त्याने चालवायचे.

येथे फोर्ड यांचे मोठेपण आहे. हा द्वेष त्यांनी खलनायकाला दिला नाही, ज्याच्यासाठी लोक तिकीट काढून आले होते त्या जॉन वेनला दिला. ईथन मेलेल्या कोमांचीच्या प्रेताचे डोळे गोळ्यांनी फोडतो, कारण त्यांच्या समजुतीप्रमाणे डोळ्यांवाचून आत्म्याला वाट सापडत नाही. शत्रूंना हिवाळ्यात अन्न मिळू नये म्हणून तो पिसाटासारखा रानगवे मारीत सुटतो. कोमांचींचा सरदार स्कार हा तर त्याचाच आरसा आहे. त्याचेही दोन मुलगे गोऱ्यांनी मारलेले, तोही सूड घेत फिरतो. फक्त स्कारचे दुःख एका वाक्यात उरकले जाते आणि ईथनच्या दुःखाला अख्खा चित्रपट मिळतो. शिवाय हा कोमांची सरदार झालेला नट हेन्री ब्रँडन हा जर्मनीत जन्मलेला गोरा. मागे घोडे उडविणारे कोमांची हे प्रत्यक्षात नवाहो, कारण चित्रण त्यांच्या भूमीत, मॉन्युमेंट व्हॅलीत झाले. त्या नवाहोंना अमेरिकन फौजेने १८६४ साली शेकडो मैल पायी चालवीत हद्दपार केले होते. करार होऊन ते मायभूमीकडे परत निघाले ते साल १८६८, म्हणजे कथेत ईथन घरी परततो तेच. चित्रपटाला याची दादही नाही.

तरी माणसे पाहतात, आणि कोण पाहतात हेही पाहण्यासारखे आहे. जोएलेन शाइव्हली या संशोधक बाईंनी एका राखीव वसाहतीतल्या गावात २० मूळ रहिवासी आणि २० गोऱ्या पुरुषांना नेमका हाच चित्रपट दाखविला. त्यांचा लेख १९९२ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांना तो आवडला. दोन्ही गट नायकांच्या बाजूने होते, स्कारमध्ये स्वतःला कोणी पाहिले नाही. फरक एवढाच की गोऱ्यांना तो आपला खरा इतिहास वाटला, आणि मूळ रहिवाशांना त्यात भावले ते मोकळे रान आणि कोणाचे ऐकून न घेणारा माणूस. कॉलेजात शिकणाऱ्या मूळ रहिवासी मुलांना मात्र तो तसा आवडला नाही. हे वाचून मला बरे वाटले असे म्हणणार नाही, पण पुढच्या बाकावरचे आम्ही चौघे एकटे नव्हतो एवढे कळले. ज्याला उभ्या आयुष्यात मान वर करून चालू दिलेले नाही, त्याला ती कलती चाल हवीशी वाटतेच. ती कोणाच्या अंगावरून चालत गेली हे नंतर कळते.

शेवट प्रसिद्ध आहे. ईथन पळणाऱ्या डेबीला गाठतो, आता मारणार असे वाटते, आणि तो तिला दोन्ही हातांनी वर उचलून घेतो, घरी आला त्या रात्री उचलले होते तसेच. का मारीत नाही, याचे कारण चित्रपट देत नाही. समीक्षकांनी पुष्कळ दिली आहेत. मला वाटते, तिला हात लावण्यापर्यंतच त्याचा द्वेष पुरला. यापलीकडे मी काही सांगू शकत नाही. मग दार उघडते, सगळे आत जातात, ईथन बाहेर राहतो, दार लागते.

खरी डेबी आत रमली नव्हती. ॲलन ले मे यांच्या ज्या कादंबरीवर चित्रपट बेतला तिच्यामागे ज्या हकिकती सांगतात त्यांत सिंथिया ॲन पार्करची एक आहे. १८३६ साली नऊएक वर्षांची असताना कोमांचींनी तिला नेले. तिने तिथेच संसार केला. त्यांचा पुढारी क्वाना हा तिचा मुलगा. १८६० साली गोऱ्यांनी तिला ‘सोडविले’. ती पुन्हा पुन्हा कोमांचींकडे पळून जाऊ पाहत होती. नातेवाइकांतच ती झुरून मेली. दुसरी हकिकत ब्रिट जॉन्सनची. १८६४च्या हल्ल्यात त्याचा मुलगा मारला गेला, बायको आणि दोन मुले पळविली गेली. तो गेला आणि त्यांना परत घेऊन आला. बायको बाटली म्हणून तिला मारण्याचा विचार त्याच्या हकिकतीत कुठे नाही. ब्रिट जॉन्सन काळा होता.

गेल्या वर्षी नातीबरोबर हा चित्रपट पुन्हा पाहिला. त्यात मार्टिन घोंगडी विकत घ्यायला जातो आणि सौदा न कळल्यामुळे एक कोमांची बाई त्याच्या पदरात बायको म्हणून पडते. रात्री ती शेजारी येऊन निजते तेव्हा तो तिला लाथ मारून उतारावरून घरंगळत सोडतो. ईथन हसतो. त्या थिएटरात आम्हीही पोट धरून हसलो होतो. नात हसली नाही. थोड्या वेळाने तिने विचारले, ‘‘आजोबा, ती बाई कुठे गेली?’’ म्हटले, बघ पुढे येते. घोडदळाने जाळलेल्या वस्तीत, एका तंबूत तिचे प्रेत सापडते. ‘‘हिला कशाला मारलं?’’ नातीने विचारले. मार्टिनही तिथे ईथनला हेच विचारतो. तिने तर कोणाचे काही बिघडविले नव्हते, म्हणतो. ईथन उत्तर देत नाही.